हलकी खुर्ची, एकच शेल: मोल्डेड प्लायच्या कामाच्या नोंदी

३ फेब्रुवारी

काम नक्की झाले. खुर्ची एकच, पण ती वाचनालयात, प्रतीक्षाकक्षात, कॅन्टीनमध्ये चालली पाहिजे आणि घरातल्या टेबलाशीही परकी वाटता कामा नये. साहित्य मोल्डेड प्लायवुड, म्हणजे पातळ लाकडी थर गोंद लावून साच्यात दाबून वळवलेले. पायांसह एकूण वजन ३.५ किलोच्या आत.

हलकेपणा कोणासाठी, हे आधीच लिहून ठेवतो. बसणाऱ्याला खुर्चीचे वजन कधी कळतच नाही. ते कळते उचलणाऱ्याला: कार्यक्रम संपल्यावर सभागृह रिकामे करणाऱ्याला, फरशी पुसण्याआधी रांगा हलवणाऱ्याला, घरात टेबलाखालून खुर्ची ओढणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला. २०० खुर्च्यांचे सभागृह धरले आणि खुर्ची ५.५ किलोची असली, तर एकदा आवरताना ११०० किलो उचलले जाते. ३.५ किलोची असली तर ७००. हे मधले ४०० किलो कोणाच्या तरी कंबरेवरून उतरतात. आराखड्यात कुठेही अडलो तर या आकड्याकडे परत यायचे, असे ठरवले आहे.

७ फेब्रुवारी

वजन नेमके कुठे बसते याचा हिशेब. बैठक आणि पाठ मिळून एकसंध शेल, सपाट उलगडले तर साधारण ०.३१ चौरस मीटर. बीच या कठीण लाकडाच्या दाबलेल्या प्लायची घनता घनमीटरला ७२० किलो धरली आणि जाडी ९.५ मिमी ठेवली, तर शेलच २.१ किलोच्या पुढे जाते. उरलेल्या १.४ किलोत पाय, जोड, बोल्ट, रबर सगळे बसवायचे. जमणार नाही.

सरसकट जाडी कमी करण्याचा मोह होतो, पण त्याची किंमत फार आहे. फळीचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो. ९ मिमीची ७ मिमी केली की वजन सुमारे २२ टक्क्यांनी घटते, ताठपणा मात्र निम्म्याखाली येतो. पाठ टेकताच मागे झुलते. घरात हे काही जणांना आवडेलही, पण सार्वजनिक जागी तीच झूल रोज शेकडो वेळा होते आणि बैठक-पाठीमधल्या वळणातला गोंद थकत जातो.

म्हणजे ताठपणा आकारातून मिळवावा लागेल. पोस्टकार्ड सपाट धरले की टोकाला वाकते, जरा पन्हळीसारखे वळवून धरले की ताठ उभे राहते. बैठकीला आडवी खोलगट गोलाई आणि पाठीला उलट दिशेने हलकी गोलाई दिली, तर पातळ प्लायसुद्धा भार पेलेल. अडचण अशी की प्लायला दोन्ही दिशांनी वळायला आवडत नाही.

११ फेब्रुवारी

हीच अडचण आधीच्या लोकांनी कशी हाताळली, ते पाहण्यात दिवस गेला.

वास्तुकार आल्वार आल्टो यांनी फिनलंडमधल्या पायमिओ क्षयरोग रुग्णालयासाठी १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला जी खुर्ची केली, तिची बैठक-पाठ म्हणजे प्लायचा एकच पट्टा. तो वळतो, गुंडाळतो, पण एकाच दिशेने. प्रत्येक थर कागदासारखा मुडपतो, कुठेही ताणला जात नाही. तांत्रिकदृष्ट्या हा सर्वांत प्रामाणिक मार्ग. पण शरीराला आडवा खोलगटपणा मिळत नाही.

अमेरिकेतले डिझायनर चार्ल्स ईम्स आणि ईरो सारिनेन यांनी १९४० साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाच्या स्पर्धेसाठी दोन्ही दिशांना वळलेले शेल मांडले. लाकूड तितके ताणले जाईना, पृष्ठभाग तडकू लागला आणि शेवटी शेलवर गादी-कापड चढवावे लागले. पुढे चार्ल्स आणि त्यांच्या पत्नी रे ईम्स यांनी १९४२ मध्ये अमेरिकी नौदलासाठी मोडलेल्या पायाला आधार देणारी प्लायची पट्टी केली. तिच्यात जागोजागी खाचा आहेत. त्यांतून पट्टी बांधता येते आणि त्याच खाचांमुळे लाकडाला वळायला जागा मिळते. युद्धानंतरच्या त्यांच्या खुर्च्यांत बैठक वेगळी आणि पाठ वेगळी केली, म्हणजे प्रश्नाची जागाच काढून टाकली.

वास्तुकार आर्ने याकोबसेन यांनी १९५२ मध्ये डेन्मार्कच्या नोवो या औषध कंपनीच्या कॅन्टीनसाठी ‘मुंगी’ खुर्ची केली. बैठक-पाठ एकसंधच, पण जिथे दोन्ही वळणे एकमेकांना भिडतात तिथली कंबर कापून बारीक केली. जिथे लाकूड सुरकुतले असते तिथे लाकूडच ठेवले नाही. एरवी नजर जाते ती तिच्या रेषेवर. मला तिच्यातली ही काटकसर जास्त मोठी वाटते.

आमच्यापुढे तीन वाटा: एकाच दिशेचे वळण, दोन वेगळे भाग, किंवा कंबरेपाशी काहीतरी कापणे. दोन भाग म्हणजे मधला दुवा आला, दुव्यासोबत वजन आणि बोल्टही आले. तिसरी वाट धरतो.

१८ फेब्रुवारी

मापे. बैठकीची उंची पुढच्या बाजूला ४४५ मिमी, मागे ५ अंशांचा उतार. बैठक आणि पाठ यांच्यातला कोन १०२ अंश. कमरेचा आधार बैठकीपासून सुमारे २०० मिमी उंचीवर.

गादी नाही, म्हणून पुढची कड महत्त्वाची. ती ५० मिमी त्रिज्येने खाली वळवली. सरळ कापलेली कड मांडीखाली रुतते आणि अर्ध्या तासात पाय जड होतात. हलणाऱ्या फळ्यांच्या चौकटीवर बुटके, उंच, जाड, सडपातळ असे सगळे बसवून पाहिले. बैठकीच्या खोलगटपणाबद्दल एक गोष्ट स्पष्ट झाली: १२ मिमी खोली पुरे. त्याहून खोल केले की एका ठरावीक अंगाच्या माणसाला छान बसते आणि बाकीच्यांना काठ टोचतात. घरातली खुर्ची एका माणसाच्या सवयीची होऊ शकते, प्रतीक्षाकक्षातली सर्वांचीच असते. शिवाय माणूस तासभर एकाच बैठकीत राहत नाही. त्याला सरकायला, तिरके बसायला जागा हवी.

२४ फेब्रुवारी

थरांची रचना ठरली. बीचचे सोललेले व्हिनिअर, म्हणजे लाकडाचा पातळ पापुद्रा, १.१ मिमी. पूर्ण शेलभर सात थर: उभा, आडवा, उभा, आडवा, उभा, आडवा, उभा. ‘उभा’ म्हणजे लाकडाची रेषा बैठकीच्या पुढच्या कडेपासून पाठीच्या टोकाकडे जाणारी. बाहेरचे दोन्ही थर उभेच हवेत, कारण माणूस मागे रेलला की वळणाच्या आतल्या अंगाला ताण येतो, आणि तो तंतूंच्या लांबीने पेलला गेला तरच टिकतो.

फक्त वळणाच्या पट्ट्यात आणखी दोन उभे थर, मधल्या आडव्या थराच्या खाली एक आणि वर एक. दाबण्याआधीची जाडी बाकी शेलमध्ये ७.७ मिमी, वळणावर ९.९. ही वाढ १.२९ पट दिसते, ताठपणात मात्र ती दुप्पटीहून जास्त पडते. हे दोन तुकडे मुद्दाम पोटात ठेवले आहेत. बाहेरच्या थराजवळ ठेवले असते तर त्यांची टोके पॉलिशखाली रेघेसारखी उमटली असती. आणि पोटात ठेवूनही ते बाहेरच्या थरांना दूर ढकलतातच, त्यामुळे ताठपणात तोटा नाही. दोन्ही तुकड्यांची टोके एकाच रेषेत येऊ द्यायची नाहीत, एक १५ मिमी मागे.

सरसकट ९.५ मिमीच्या तुलनेत शेलमधून साधारण ३५० ग्रॅम गेले. हे वजन जिथे कामाला येत नव्हते तिथूनच गेले आहे.

वळणाची त्रिज्या ७० मिमी. हिशेब साधा: थराची निम्मी जाडी भागिले त्रिज्या, म्हणजे ०.५५ भागिले ७०, सुमारे ०.८ टक्के ताण. कोरड्या बीचचा तंतू एक टक्क्याच्या आसपास तुटतो. गोंदाचा ओलावा आणि उष्णता लाकडाला मऊ करतात, त्यामुळे प्रत्यक्षात याहून घट्ट वळणही जमते. पण जे वळण लाकूड सोसून घेते आणि जे ते सहज घेते, त्यांत वर्षानुवर्षांच्या वापरात फरक पडतो.

२ मार्च

साच्याचे काम. नर (उंचवट्याचा) आणि मादी (खोलगट) साच्यांमधली फट सगळीकडे सारखी ठेवून चालणार नाही, वळणावर ती जास्त हवी.

साचा प्रेसमध्ये कसा तिरका ठेवायचा यावर मिस्त्रींशी लांब चर्चा झाली. बैठक आडवी ठेवली तर पाठ जवळजवळ उभी येते. प्रेस वरून खाली येतो, उभ्या भिंतीवरची फट मिटतच नाही आणि तिथला गोंद नीट दाबला जात नाही. म्हणून वळण खाली आणि दोन्ही अंगे सारखी तिरकी. १०२ अंशांच्या कोनात प्रत्येक बाजू ३९ अंशांच्या उतारावर येते. प्रेस १० मिमी उतरला की त्या उतारावरची फट ७.८ मिमी मिटते. दोन्हीकडे सारखी मिटते, हे महत्त्वाचे. बैठकीची पुढची वळवलेली कड मात्र अजून उभीकडे झुकते, तिथे साच्यावर वेगळा सरकता तुकडा लावावा लागला.

चाचणीसाठी साचा लाकडाच्या फळ्या चिकटवून, वरून पातळ पत्रा. उत्पादनासाठी ॲल्युमिनिअमचा.

९ मार्च

पहिला तुकडा दाबला. व्हिनिअर ६ ते ८ टक्के ओलाव्यापर्यंत सुकवलेले. त्याहून ओले असेल तर गरम प्रेसमध्ये आत वाफ कोंडते आणि प्रेस उघडताच पापुद्रे फुगून सुटतात. गोंद मेलामाइन मिसळलेला युरिया-फॉर्माल्डिहाइड, चौरस मीटरला १६० ग्रॅम. साधा पांढरा गोंद इथे चालत नाही. तो सतत ताणाखाली हळूहळू सरकतो आणि वळण उघडत जाते.

सगळे थर एकमेकांना मधल्या रेषेवरच टाचून घेतले, टोके मोकळी. वळताना आतला थर आणि बाहेरचा थर यांच्या लांबीत फरक पडतो, प्रत्येकाला शेजाऱ्यावरून थोडे सरकावे लागते. टोकाला टाचले असते तर आतल्या थराला दुमड आली असती. प्रेस हळू बंद करायचा. शेवटच्या काही मिलिमीटरला मिस्त्री कान लावून थांबतात. लाकूड कुरकुरले तर थांबा, शांत असेल तर पुढे.

१२ मार्च

तुकडा उघडल्यावर लगेच मोजलेल्या कोनाला अर्थ नसतो, म्हणून आजवर थांबलो. दोन गोष्टी एकमेकांविरुद्ध चालतात. वाकवलेले थर पुन्हा सरळ व्हायला बघतात. सारख्या जाडीचे सात थर पक्के चिकटले तर ही उघड सातच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होते, म्हणजे साधारण दोन टक्के. तीनच थर असते तर अकरा. दुसरीकडे गोंदातले पाणी निघून जाताना प्लाय जाडीत आकसते, लांबीत जवळजवळ नाही, आणि त्यामुळे वळण मिटते. दोहोंत जिंकते कोण, हे व्हिनिअरच्या ओलाव्यावर ठरते. म्हणून ओलावा मोजल्याशिवाय एकही गठ्ठा प्रेसला जाणार नाही, ही अट कागदावर घेतली.

१६ मार्च

कंबरेपाशी अपेक्षेप्रमाणे सुरकुती. बैठकीचा आडवा खोलगटपणा जिथे वळणात शिरतो तिथे मधोमध लाकूड जास्त होते, त्याला जायला जागा नाही.

कंबर दोन्ही बाजूंनी आत घ्यायची की मध्ये खाच पाडायची? दोन्ही करून पाहिले. बारीक कंबर दिसायला सुंदर, पण पाठीच्या एका कोपऱ्यावर जोर दिला की पाठ पिळवटते. आणि माणूस शेजाऱ्याशी बोलायला वळतो तेव्हा नेमका कोपऱ्यावरच रेलतो. मधल्या खाचेने तेवढेच लाकूड जाते, पण उरलेले दोन पट्टे एकमेकांपासून दूर राहतात आणि पिळाला छान विरोध करतात. खाच घेतली. व्हिनिअर दाबण्याआधीच तिथे कापून घ्यायचे आणि दाबल्यावर शेवटचा आकार द्यायचा.

कंबर ३०० मिमी रुंद, खाच ११० रुंद आणि ३८ उंच. उरले १९०. म्हणजे वळणावरचा ताण १.५८ पट झाला. जाडी ७.७ ची ९.९ केल्याने ताकद जाडीच्या वर्गाने, म्हणजे १.६५ पट वाढलेली आहे. पोटातले ते दोन जादा थर या खाचेचे देणे फेडतात.

खाचेत हात घालून खुर्ची उचलता येईल, मग तीच मूठ म्हणा, असे सुचवले गेले. नको. ती जागा गुडघ्याच्या आसपास आहे. तिथून उचलायला प्रत्येक वेळी वाकावे लागेल. उचलण्याची जागा पाठीची वरची कड, तिची गोलाई बोटांना पकड देईल अशी ठेवली आहे. खाचेचा दुसरा फायदा मात्र खरा आहे: बैठकीच्या मागच्या कोनात कचरा आणि पाणी साठत नाही, फडके आरपार जाते.

२५ मार्च

पाय. सार्वजनिक खुर्चीला स्टीलच्या पाइपचे चार पाय, एकावर एक रचता येतील असे. घरासाठी त्याच शेलला थर चिकटवून वळवलेले लाकडी पाय. बोल्टची भोके दोन्हीकडे एकाच जागी.

पाइप १४ मिमी व्यासाचा, २ मिमी भिंतीचा घ्यायचा की १६ व्यासाचा, १.५ भिंतीचा? पहिला मीटरला ५९२ ग्रॅम, दुसरा ५३६. तरीही दुसरा वाकण्याला सुमारे ३० टक्के जास्त ताठ, कारण धातू मध्यापासून दूर गेला. शेलमध्ये जे केले तेच इथे. एकूण तीन मीटर पाइप लागतो, म्हणजे १.६ किलो.

शेल आणि पाय यांच्यात रबर हवे. त्याशिवाय पातळ प्लाय बोल्टपाशीच कडक धरला जातो आणि तडा तिथूनच सुरू होतो. ईम्सच्या खुर्च्यांत रबराच्या चकत्या थेट लाकडाला चिकटवल्या होत्या. कल्पना अप्रतिम, पण वर्षे गेली की रबर कडक होते आणि चिकटलेली चकती सुटते. म्हणून रबर फक्त दबण्यासाठी, धरून ठेवण्याचे काम बोल्टचे. शेलखाली प्लायचे गोल ठोकळे चिकटवायचे, त्यांत पिळाचे नट बसवायचे. बैठकीच्या वरच्या बाजूला काहीच दिसत नाही. रबर खराब झाले तर पाना घेऊन कोणीही बदलू शकेल.

३ एप्रिल

भाराची चाचणी. युरोपीय मानक ईएन १६१३९ हे घरगुती सोडून इतर वापराच्या आसनांसाठी आहे. त्याच्या पहिल्या पातळीला बैठकीवर १००० आणि पाठीवर ३०० न्यूटन असा भार एक लाख वेळा द्यावा लागतो. आमच्या कार्यशाळेतले यंत्र साधे आहे, पण कमजोर जागा शोधायला पुरते.

आवाज आला खाचेच्या डाव्या टोकाशी. कापून पाहिले. गोंद शाबूत होता, तुटला होता आडवा थर. आडव्या थरावर कातर भार (शेजारचे थर उलट दिशांना सरकवणारा) आला की त्यातले तंतू एकमेकांवरून लाटण्यांसारखे गडगडू बघतात, आणि त्या दिशेने लाकूड फार दुबळे असते. खाचेची टोके अर्धगोल होती, ताण तिथे एका बिंदूवर गोळा होत होता. टोके लंबगोल केली. शिवाय वळणाच्या पट्ट्यात मधला आडवा थर ०.६ मिमीचा घेतला. पातळ आडवा थर गडगडायला कमी जागा देतो. नव्या तुकड्याने तीच फेरी शांतपणे पार केली.

१० एप्रिल

खुर्ची फार हलकी झाली की दुसरा धोका येतो. रिकाम्या खुर्चीच्या पाठीला पिशवी अडकवली की ती मागे उलटते. ३.५ किलोच्या खुर्चीचा गुरुत्वमध्य मागच्या पायांच्या २०० मिमी पुढे आहे. पिशवी मागच्या पायांच्या १५० मिमी मागे लटकली तर ४.७ किलोलाच खुर्ची जाते. वाचनालयात पुस्तकांची पिशवी एवढी सहज भरते. मागचे पाय बाहेर घेतले, लटकण्याची जागा १०० मिमीवर आणली. गुरुत्वमध्यही आता त्यांच्या सुमारे २५० मिमी पुढे, म्हणजे साडेआठ किलोच्या पुढे. आणखी बाहेर नेले तर ते चालणाऱ्याच्या पायात येतील आणि रांगेतले अंतरही वाढेल. इथेच थांबलो.

रचून पाहिले. शेल पातळ असल्याने थप्पी बुटकी होते, पण प्रत्येक खुर्ची खालचीपेक्षा थोडी पुढे सरकते, म्हणून जमिनीवर आठाच्या वर रचायची नाही. पायांच्या आतल्या अंगाला प्लॅस्टिकची छोटी बुचे लावली, नाहीतर खालच्या बैठकीवर ओरखडे पडतात.

१६ एप्रिल

कडा. प्लाय खराब होते ते कडेकडूनच. कडा ३ मिमी गोलाईने घासल्या. थरांच्या टोकांतून लाकूड पाणी ओढते, त्यामुळे आधी फक्त कडांना लॅकरचे दोन हात, मग सगळ्या शेलला. पाण्यावर चालणारे मॅट लॅकर, सार्वजनिक जागी रोजचे ओले फडके सोसेल असे.

गोंदाच्या वाफेबद्दल तडजोड नाही. युरोपातली ई१ मर्यादा हवेत ०.१ पीपीएम (दहा लाखांत ०.१ भाग) फॉर्माल्डिहाइडची आहे. एका खुर्चीचे काय एवढे, असे वाटू शकते. पण बंद वाचनालयात शंभर खुर्च्या असतात आणि तिथे कोणी तरी दिवसभर काम करते. त्याहून कमी सोडणारा गोंदच घ्यायचा.

पायांची बुचे: घरातल्या लाकडी जमिनीला नमदा, दगडी फरशीला नायलॉन. हलकी खुर्ची सरकताना जास्त वाजते, बोल्टखालच्या रबराने तो आवाज बराच मरतो.

२३ एप्रिल

तराजूवर: शेल १.७२, पाय १.६२, बोल्ट-रबर-बुचे ०.१४. एकूण ३.४८ किलो.

ॲल्युमिनिअमच्या साच्याचे रेखाटन उद्या सुरू. बैठक-पाठीचा कोन १०२ ऐवजी १०३ अंश कापायचा, कारण आमच्या ओलाव्याला वळण सुमारे एक अंशाने मिटते आहे. मधल्या ०.६ मिमी थराप्रमाणे वळणावरची फटही नव्याने काढायची. लाकडी पायांची भारचाचणी बाकी आहे, ती झाल्याशिवाय घरची खुर्ची बाहेर जाणार नाही.